तेल लावलेली पाटी

अण्णा, मला दोन वर्षांसाठी परदेशी बोलावलं आहे. हो किंवा नाही ते सुट्टी संपली की मुंबईला माझ्या मार्गदर्शक सरांना सांगायचं आहे, आणि ते ठरवायला मी आखाड्यावर आले आहे. मायला विचारलं, दादाला विचारलं. तुम्हाला विचारायचं राहिलं होतं. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. म्हणजे तुमच्यासोबत काढली त्याहून जास्त वर्षं आता तुमच्याशिवाय गेली, हा हिशेब मी येताना गाडीत केला आणि मानवत येईपर्यंत परत एकदा तपासला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "एकदा आलं ना बरोबर, मंग?"

शेतातल्या घराला आम्ही आखाडा म्हणतो असं मुंबईत सांगितलं की लोकांना कुस्ती आठवते. आता इथं वीज आली आहे आणि पत्रे जाऊन स्लॅब पडला आहे. स्वयंपाकघर मात्र तेच आहे, चुलीमागच्या भिंतीवरचा काळा थर तोच आणि खिडकीतून दिसणारा लिंबही तोच. दादा तुमच्यासारखा बीजोत्पादनाच्या भानगडीत पडत नाही. कापूस लावतो आणि खाण्यापुरती रब्बीची ज्वारी. ती सध्या फुलोऱ्यात आहे. तिच्या पलीकडे, पूर्वेच्या बांधाला, तुम्ही. आपल्यात पुरतात, त्यामुळं तुम्ही शेतातच राहिलात याची मला लहानपणी भीती वाटायची, आता बरं वाटतं. माय रोज सकाळी तुमच्या ओट्यावर बेलाचं पान ठेवते, आणि दादा पाणी सोडायला जाताना तिथं चप्पल काढतो. हे पत्र पोचवायला पोस्टाची गरज नाही, बांधापर्यंत चालत गेलं की झालं. तरी मी ते घेऊन येईन असं मला वाटत नाही.

मी काय काम करते ते आधी सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही. तिकडे जमिनीखाली एक गोल बोगदा आहे. पाथरीहून मानवतला जाऊन परत पाथरीला यावं, साधारण तेवढा त्याचा घेर. त्यातल्या नळीतून एका बाजूनं इलेक्ट्रॉनचे पुंजके पळवतात आणि उलट दिशेनं त्यांच्या जोडीच्या, उलट्या भाराच्या कणांचे. ठरलेल्या जागी हे पुंजके एकमेकांतून आरपार जातात. बहुतेक कण कुणालाही न शिवता निघून जातात, जसा बाजारातून माणूस कुणाला धक्का न लागता बाहेर पडतो. क्वचित दोन कण भिडतात, आणि त्या टकरीतून काय बाहेर पडतं ते बघायला जगभरची माणसं जमलेली असतात.

आता हे यंत्र कसं चाललंय ते कशावरून ओळखायचं? कण किती जोरानं धावतात हे एक झालं. पण नुसत्या जोरावर भागत नाही. पुंजक्यात कण किती आहेत, ते किती वेळा समोरासमोर येतात आणि येतात तेव्हा किती अरुंद जागेत दाटलेले असतात, या सगळ्याचं मिळून एक माप आहे. त्याला ल्युमिनॉसिटी म्हणतात. मराठीत तेजस्विता म्हणता येईल, पण त्यानं माणसाला दिवा आठवतो आणि इथं दिव्याचा काही संबंध नाही. भेटी होण्याला किती वाव होता, त्याचं ते माप. पुंजके मोठे केले पण ते एकमेकांच्या शेजारून निघून गेले तर वाव शून्य. लहान पुंजके बारीक पिळून नेमके समोर आणले तर वाव पुष्कळ. आणि एखादी गोष्ट किती वेळा घडली ते कळून पुरत नाही. घडायला वाव किती होता त्यानं भागलं, तरच ती गोष्ट मुळात किती दुर्मीळ आहे ते समजतं.

भागलं म्हणजे तकसीम. तुम्ही निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं आमचीही गणितं जमा, तफरीक, जरब, तकसीम अशीच झाली. शाळा ओढ्यापलीकडे, पावसाळ्यात ओढा भरला की जाणं बंद, म्हणून तिसरीपर्यंतचं सगळं तुम्ही मला घरीच, याच चुलीपुढं शिकवलंत. चौथीला गावच्या शाळेत घातल्यावर गुरुजींनी भागाकार म्हणताच मी उभी राहून विचारलं की ही तकसीमच ना, आणि सगळा वर्ग हसला. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "हसू दे. कशानं तकसीम करायची ते आधी पक्कं कर. वरचा आकडा कुटं पळून जात न्हाई." अण्णा, माझं काम तेवढंच आहे. वरचे आकडे दुसरे लोक शोधतात. कशानं भागायचं तो आकडा मी पक्का करते.

तो मिळतो कसा, तेही सांगते. नळीला अगदी लगटून एक लहानसं यंत्र बसवलेलं असतं. ते नवीन काही शोधत नाही. दोन कण एकमेकांना नुसते चाटून जरासे वाकून पुढं जातात, अशा टकरी ते मोजतं. त्या टकरींचं गणित आधीपासून नीट माहीत आहे, त्यामुळं त्या किती झाल्या हे कळलं की दाटी किती होती हेही कळतं. सरांनी पहिल्यांदा फळ्यावर या यंत्राची आकृती काढली तेव्हा वर्गातले बाकीचे खाली बघून उतरवून घेत होते आणि मी तशीच बसून राहिले. मला आपली पाटी दिसत होती.

तुम्हाला आठवत असेल, मला मात्र सगळं ओळीनं लावून बघावं लागतं. तुम्ही संकरित ज्वारीचं बी पिकवत होतात. चार ओळी मादीच्या, दोन नराच्या, पुन्हा चार मादीच्या. मादीच्या कणसाला स्वतःचा पराग नसतो, नराचा पराग वाऱ्यावर उडून तिच्या फुलावर पडला तरच दाणा भरतो. एका साली मादीची कणसं अर्धी पोकळ निघाली. प्लॉट तपासायला येणारे साहेब म्हणाले, पराग कमी पडला. तुम्ही म्हणालात, "कमी पडला का येळंवर नव्हता?" साहेब चांगले होते. ते हसून म्हणाले की परभणीच्या विद्यापीठात काचेच्या पट्टीला व्हॅसलीन लावून शेतात टांगतात, त्यावर किती पराग चिकटला ते बघतात, तुम्हीही बघा. आपल्याकडं काचेची पट्टी कुठून असणार. पुढच्या साली पोळा झाला, नराला फुलोरा आला, आणि तुम्ही माझी पाटी उचललीत.

मी नुकताच त्या पाटीवर पाढा लिहून ठेवला होता. तुम्ही तो पुसलात आणि मायच्या बुधल्यातलं करडीचं तेल बोटानं सगळीकडं फासलंत.

"अण्णा, माझी पाटी."

"तुला दुसरी आणतो. हिला आता दुसरं काम हाय."

काळ्या पाटीवर पिवळा पराग किती स्वच्छ दिसतो, हे साहेबांनाही सुचलं नव्हतं असं तुम्ही मायला दोन-तीनदा ऐकवलंत. मादीच्या ओळींत एक खुंटी रोवून तिला पाटी टांगलीत. खुंटी नराच्या ओळीपासून किती लांब हवी ते दोरीनं मोजलंत आणि दोरीला गाठ मारलीत, कारण नराच्या जवळ टांगली तर पिवळी होणारच, त्यात काय कळणार. सकाळी ऊन चढायच्या आत पाटी काढून आणायची, तुमचं वाचायचं भिंग घ्यायचं, आणि खिळ्यानं पाडलेल्या एका चौकटीतले ठिपके मोजायचे. हे माझ्याकडं दिलंत. मला कामं देताना तुम्ही मी लहान आहे याचा विचार करत नव्हतात, आणि त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. मी एक चौकट मोजायची, मग शंका नको म्हणून दुसरी मोजायची, मग पहिलीच पुन्हा.

एका सकाळी मी अशी मोजत बसले होते आणि नराच्या ओळींवरून दोरी ओढायचं राहून गेलं. दोन टोकांना दोघांनी धरून दोरी कणसांच्या शेंड्यावरून ओढत न्यायची, म्हणजे कणसं वाकतात, झटक्यात उभी राहतात आणि पराग धुरासारखा उडतो. हे फक्त सकाळीच होतं. पलीकडचं टोक धरून तुम्ही माझी वाट बघत उभे होतात. मी पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "तू मोजत बसलीस आन् वारा निगून गेला," एवढंच म्हणालात आणि दोरी गुंडाळायला लागलात. अण्णा, तुम्ही दोनदा तपासणाऱ्या मुलीला जे बोललात ते मी आजपर्यंत जपून ठेवलं आहे, आणि तरीही दोनदा तपासते.

दोरीचं ते टोक खरं तर मावशीचं होतं. मावशी म्हणजे आपल्याकडं वर्षानुवर्षं कामाला येणारी, ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातली. त्या साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडाभर पेटलं होतं, एसटी बंद पडायच्या, आणि मावशी कामावर यायची थांबली होती. मला सांगितलं गेलं की तिला बरं नाही. संध्याकाळनंतर प्लॉटाकडं जायचं नाही अशी मला ताकीद होती. साप निघतात, असं कारण होतं. मग एका सकाळी पाटीवर इतका पराग बसला होता की चौकटीत ठिपके वेगळे करता येईनात. मी पळत सांगायला आले. तुम्हीही खूश झालात. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी गाठीची दोरी घेऊन गेले आणि बघितलं तर खुंटी होती त्या जागी नव्हती, नराच्या ओळीकडं हातभर सरकलेली होती. शेजारच्या मादीच्या ओळीतली ताटंही आडवी झाली होती.

मी रडवेली होऊन आले. "खुंटी हलवली कुणीतरी. सगळं चुकलं."

तुम्ही माझ्याबरोबर आलात, खुंटीकडं बघितलंत, आडव्या ताटांकडं बघितलंत. मी दोरी लावून खुंटी उपटायला लागले तर माझा हात धरलात.

"राहू दे तितंच."

"पण मग मोजायचं कसं?"

"मोजू नको. हे दिवस धरायचे न्हाईत."

"पण अण्णा, तुम्हीच म्हणता की खुंटी हलली तर..."

"हलू दे म्हणलं ना एकदा."

तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. साहेब आले तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलंत की ताटं रानडुकरांनी पाडली. पुढं काही दिवसांनी मावशी कामावर आली, दोरीचं टोक तिच्याकडं गेलं, खुंटी गाठीच्या दोरीनं परत जागेवर आली आणि मोजणी सुरू झाली. त्या मोजणीवरून एवढं कळलं की पराग भरपूर होता, पण नर आधी फुलत होता आणि मादी मागून. पुढच्या साली तुम्ही नराच्या ओळी दोन खेपांनी पेरल्यात आणि कणसं भरली. मानवतच्या बाजारातून माझ्यासाठी नवी पाटी आली, लाल दोरीला स्पंज बांधलेली. चौथीला जाताना भिंगही मला दिलंत. ते मुंबईला माझ्या टेबलावर आहे.

पण ते मधले दिवस माझ्या डोक्यातून गेले नाहीत. जो माणूस हातभर अंतरासाठी दोरीला गाठ मारतो, तो खुंटी हललेली बघून "हलू दे" का म्हणाला, हे मला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस होण्याआधी तुम्ही गेलात.

आणि योग असा की मी आज जे काम करते त्याचा सगळा जीव खुंटीतच आहे. ते लहान यंत्र नळीच्या इतकं जवळ असतं आणि नळीच्या कडेला कणांची इतकी गर्दी असते, की यंत्राची आतली कड केसाच्या जाडीच्या एखाद्या भागाइतकी जरी इकडं किंवा तिकडं असली तरी मोजणी बदलते. ती बदलली की माझा आकडा चुकतो, आणि माझ्या आकड्यानं भागणाऱ्या सगळ्यांचं उत्तर एकाच बाजूला चुकतं. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण सगळे मिळून चुकलेले असतात. सर म्हणाले, "तुमच्यासारखं काळजी करणारं माणूसच तिथं हवं. दोन वर्षं जा आणि त्या यंत्राची कड सांभाळा." त्यांनी कौतुक केलं हे मला समजलं. मी खोलीवर आले आणि त्या दिवशीची गणितं पुन्हा तपासत बसले.

परवा सकाळी हे सगळं मी स्वयंपाकघरात सांगितलं. माय भाकरी करत होती, दादा वेचणीच्या बायांची वाट बघत चहा पीत होता.

"दोन वर्षं?" माय म्हणाली. "आन् थंडी लय असती म्हणं तिकडं."

"असते."

"खायला काय मिळतं?"

"ब्रेड, बटाटे. भात मिळतो."

"ज्वारी?"

"नाही."

मायनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "मंग पीठ न्यावं लागंल." तिच्यापुरता प्रश्न तिथं मिटला, हे मला तिच्या हातावरून कळलं. दादाचा मिटला नव्हता.

"कण कणावर आदळायचे. आन् मंग?"

"मग त्यातून काय निघतं ते बघायचं."

"आमच्या घरी रोज व्हती की आदळआपट," दारातून आवाज आला. मावशी होती, वेचणीचा ओचा बांधलेली, पाठीमागं तिची सून. "निगत तर काईच न्हाई. ये की बगायला, फुकटात."

सुनेनं पदर तोंडाला लावला. दादाही हसला, पण विषय सोडला नाही त्यानं. "आन् तू काय शोधायलीस त्यात?"

"मी शोधत नाही. किती दाटीनं भेटले ते मोजते."

"म्हंजे नवीन काई सापडलं तर नाव दुसऱ्याचं. आन् मोजणं चुकलं तर तुजं."

"हो."

"तू तर कुलूप लावलं तरी तीनदा हलवून बघतीस. झोप येईल का तुला तिथं?"

मला बाकी कशाची नाही, तेवढ्याचीच भीती आहे. मायनं माझ्याकडं न बघता म्हटलं, "बियाच्या थैलीवर तुज्या बापाचं नाव कुटं व्हतं? पेरणारे पेरतच व्हते की." तेवढ्यात मावशीनं ताक मागितलं, मायनं गाडग्यावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं, आणि मावशी त्या झाकणाकडं बघत राहिली.

"ही पाटी अजून हाय व्हय?"

ती तुमची पाटी होती, अण्णा. अक्षर तिच्यावर पुन्हा कधी उमटलं नाही. तेल इतकं मुरलेलं आहे की ताकाच्या गाडग्याला तिच्यासारखं झाकण नाही असं माय म्हणते.

"तुला आठवते ही?" मी विचारलं.

"न आठवायला काय झालं. त्या साली आमच्या वस्तीतले आमी जाळपोळीच्या भ्यानं लेकरंबाळं घिऊन रातचं तुमच्या ज्वारीत येऊन पडायचो. ही डोक्यावर टांगलेली. लेकीचं पोरगं झोपंत उठून बसलं की हिची कड त्याच्या कपाळाला लागायची. मीच खुंटी उपटून सरकवली बाजूला." ती ताक प्याली. "दुसऱ्या दिवशी वाटलं, आता बोंब मारतील. कुणीच काई बोललं न्हाई. रातच्याला परत आलो तर खुंटी मी ठिवली तितंच."

दादानं चहाचा कप खाली ठेवला. त्यालाही हे ठाऊक नव्हतं. मायला ठाऊक होतं, तिनं परातीतलं पीठ गोळा करायला घेतलं.

"अण्णांना माहीत होतं?" मी विचारलं.

"त्यानं काई विचारलं न्हाई, आमी काई सांगितलं न्हाई. एक दिवस तिथं पाण्याची घागर ठिवलेली दिसली, बस." मग माझा चेहरा बघून ती हसली. "लगीच देव करू नको बापाला. चहाला कप आमचा येगळाच व्हता ह्या घरात, कैक वर्षं. तो बी त्यानंच टांगून ठिवलेला, त्या खुंटीला." तिनं गोठ्याच्या भिंतीकडं बोट केलं. तिथं आता काही नाही. तिच्या हातातला पेला आमच्यातलाच होता, आणि तो तिनं मायच्या हातात दिला, मायनं विसळून फळीवर आमच्याच पेल्यांत पालथा घातला. "आता नाव द्यायलेत म्हणं युनिवरसिटीला," जाता जाता मावशी म्हणाली. "नातू तितंच शिकायलाय. तू म्हातारी व्हायच्या आत ये माघारी, न्हाईतर त्योच तुला शिकवंल." आणि सुनेला घेऊन कापसात गेली.

अण्णा, त्या दोन्ही खुंट्या तुमच्याच होत्या. मला दोन्ही धरायच्या आहेत, एक सोडून दुसरी ठेवली तर तो हिशेब खरा होणार नाही. पण पंधरा वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी तुम्ही माझ्यावर, माझ्या मोजण्यावर चिडलात. तसं नव्हतं. तुम्हाला खुंटी हललेली दिसली, कुणासाठी हलली ते समजलं, आणि तुम्ही ते दिवस मोजणीतून काढून टाकलेत. त्या दिवसांचा खोटा आकडा लावला नाहीत, अंदाजानं भर घातली नाहीत. नंतर खुंटी जागेवर आणून जिथून सोडलं होतं तिथून पुढं मोजू लागलात, आणि तेवढ्यानं सालाचं उत्तर बिघडलं नाही. आमच्यातही असंच करतात. यंत्र जागेवर नव्हतं असं कळलं तर तेवढा काळ वगळतात आणि तसं लिहून ठेवतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. ते करून झोप येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दादाला मी संध्याकाळी पाणी सोडायच्या वेळी सांगितलं की मी जाणार. तो पाण्याचं दार धरून उभा होता, सरी भरली तसं त्यानं पाणी पुढच्या सरीत वळवलं. "जा," तो म्हणाला. "कुलूप एकदाच हलवायचं मात्र." मग घरी येताना त्यानं विचारलं की तिथल्या बोगद्यात ऊन असतं का, आणि नसतं म्हटल्यावर त्याला फार वाईट वाटलं. माय कालपासून कुठली ज्वारी दळायची यावर विचार करते आहे. प्रवासाला किती दिवस टिकतं ते पीठ, हे ती शेजारच्या आखाड्यावर जाऊन विचारून आली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. काल मी मायकडून पाटी मागून घेतली. ताकाचा वास जाईपर्यंत राखेनं घासली, पुसली, आणि बोटानं करडीचं तेल लावलं. ज्वारीत एक काठी रोवली आणि तिला टांगली. इथं आता नर नाही की मादी नाही, साधी घरची ज्वारी आहे, स्वतःचं स्वतः भरून घेणारी. मोजून काही कळणार नव्हतं. काठी कशापासून किती लांब आहे ते मी बघितलं नाही, दोरीही नेली नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत गेले. थंडी होती, तुमच्या ओट्यावर मायनं ठेवलेलं पान दवानं भिजलेलं होतं. पाटी पिवळी झाली होती, एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी, आणि खिळ्यानं पाडलेल्या तुमच्या चौकटी त्यातून अजून दिसत होत्या. मी ती हातात धरून तुमच्याजवळ बसले. वारा चांगला होता. तो निघून जाईपर्यंत मी नुसती बसून राहिले.

हे पत्र मी मायच्या पिठाच्या डब्यात तळाशी ठेवणार आहे, ते माझ्याबरोबर येईल. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की मोजलं का असं मायनं विचारलं, तेव्हा भिंग मुंबईला राहिलं असं मी तिला सांगितलं. ते खरं आहे. पण ते इथं असतं, तरी आज मी मोजलं नसतं.